वर्षभरातील माझ्या आवडत्या तबकड्या : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून यंदाच्या दिवाळीपर्यंत माझ्या संग्रहात ग्रामोफोनच्या एकवीस तबकड्यांची भर पडली. त्यांतील सर्वांत आवडत्या तबकड्यांविषयी लिहिण्यासाठी मी वर्ष पूर्ण होण्याची वाट मुद्दामच पाहिली, कारण गोव्यातल्या फोंड्यासारख्या दमट ठिकाणी तबकडी कशी आहे हे ती घरी आणल्या दिवशी कळत नाही. मे महिन्यात स्वच्छ वाजलेली तबकडी श्रावणात कशी वाजते, आणि पहिल्या आठवड्यात रोज लावावेसे वाटणारे गाणे सहा महिन्यांनी आपण आपणहून काढतो का, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून पसंती सांगू नये, असे माझे मत झाले आहे.

यंत्राविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. माझे टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारे यंत्र, पट्ट्यावर चालणारे असून त्याला मिनिटाला ३३⅓, ४५ आणि ७८ फेरे या तिन्ही गती आहेत. एलपीसाठी (३३⅓ गतीच्या, विनाइल या प्लॅस्टिकच्या मोठ्या तबकडीसाठी) आणि ७८ गतीच्या, लाखेच्या जुन्या तबकड्यांसाठी मी वेगवेगळ्या सुया वापरतो. एलपीच्या सुईचे टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचे असते, तर ७८च्या तबकडीसाठी ते सुमारे ७५ मायक्रॉनचे लागते. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत टाकली की ती तळाशी भरकटते आणि गाण्याऐवजी खरखरच वर येते. एवढ्याच कारणाने जुन्या घरांतील कितीतरी चांगल्या तबकड्या ‘गेल्या’ समजून माळ्यावर पडून राहिल्या आहेत, याची मला मनापासून हळहळ वाटते.

वर्षभरात सर्वाधिक वेळा लावलेली एलपी किशोरी आमोणकर यांची आहे. तिच्या एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे. भूपातील ‘प्रथम सुर साधे’ हा विलंबित ख्याल आणि त्यापाठोपाठ येणारे ‘सहेला रे’ मी लहानपणापासून कॅसेटवर ऐकत आलो होतो, त्यामुळे एलपीत नवे काय मिळणार, अशी शंका मनात होती. पहिल्या दोन महिन्यांत तर निराशाच झाली. विलंबित अतिशय स्वच्छ वाजे. परंतु ‘सहेला रे’ सुरू होऊन ताना वाढू लागल्या की आवाजाला धार येई आणि ‘स’ हे अक्षर फुटल्यासारखे ऐकू येई. तबकडी झिजलेली आहे, असे समजून मी ती जवळजवळ परत देणार होतो.

कारण वेगळेच निघाले. तबकडी मिनिटाला ठरलेले फेरेच घेते, पण कडेजवळचा फेरा मोठा आणि मध्याजवळचा लहान असल्यामुळे सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग आत जाताना घटत जातो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर असतो आणि अखेरच्या खाचांपाशी जेमतेम २१ सेंटिमीटर उरतो. तेवढाच नाद निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो, आणि गोल टोकाच्या सुईला ती दाट वळणे नीट चाचपता येत नाहीत. आपल्या ख्यालाची मांडणी अशी की शांत विलंबित कडेला येते आणि द्रुत, ताना, सगळी गुंतागुंत नेमकी मध्याजवळ येते. ख्यालाची एलपी ही म्हणूनच सुईची खरी परीक्षा असते. फेब्रुवारीत मी लंबवर्तुळाकार टोकाची सुई बसवली, कार्ट्रिजचा (सुई जिच्यात बसते त्या डबीचा) कोन कागदी मापकावर पुन्हा जुळवला आणि तबकडीवर पडणारे सुईचे वजन दोन ग्रॅमवर आणले. त्या संध्याकाळी ‘सहेला रे’तील ‘स’ प्रथमच मऊ ऐकू आला. विलंबितात गंधारावर ठेवलेला स्वर हळूहळू मावळत असताना त्याच्यामागे तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजारव, एकटी उरते, तो क्षणही मला कॅसेटवर कधी ऐकू आला नव्हता. माझी आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. गाणे संपल्यावर ती दारापर्यंत आली आणि ‘परत एकदां लाय’ एवढेच म्हणाली.

बागेश्रीची बाजू मात्र पावसाने तपासली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एलपी पाकिटातून काढली, तेव्हा तिच्यावर तांदळाच्या पिठाचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे ठिपके दिसले. सुई अर्ध्यापर्यंत जाताच तिच्या टोकावर राखाडी कापसासारखा पुंजका जमला आणि आवाज घुसमटला. ही बुरशी विनाइलवर जगत नाही. बोटांचे ठसे, धूळ आणि पुठ्ठ्याच्या वेष्टनाला लावलेली खळ हे तिचे अन्न असते. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ कापडाने खाचेच्या दिशेनेच पुसून, पुन्हा नुसत्या पाण्याने धुऊन ती उभी सुकवली, तेव्हा ठिपके गेले आणि आवाज पूर्ववत झाला. त्यानंतर सर्व तबकड्यांची कागदी आतली पाकिटे काढून पातळ पॉलिथिनची घातली, आणि आमच्याकडे रेशमी साड्यांच्या कपाटात ठेवतात तसा कमी वॉटचा दिवा तबकड्यांच्या कपाटात तळाशी लावला. दिवा तबकड्यांपासून वीतभर तरी दूर असावा, कारण उबेने ओल जाते, पण उष्णतेने विनाइल वाकते. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये एकाही तबकडीवर नवा ठिपका आला नाही.

या वर्षातील माझी सर्वांत लाडकी तबकडी मात्र एलपी नाही. मार्दोळच्या एका घरातून मला लाखेच्या सात तबकड्या मिळाल्या आणि त्यांत केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, होती. केसरबाई आमच्याच फोंडा तालुक्यातील केरीच्या. अल्लादियाखाँसाहेबांकडे त्यांनी जी कठोर तालीम घेतली तिचा दाब या साडेतीन मिनिटांच्या गाण्यातही जाणवतो. तबकडीवर खरखर आहे, कडेला एक टवका उडालेला आहे आणि पहिले काही फेरे ‘टक टक’ असा आवाज येतो. तरीही आवाज सुरू झाला की खरखर मागे पडते, कारण तो आवाज रुंद आणि सरळ असून एका श्वासात दूरवर जाणारा आहे. मैफलीत तास-दीड तास राग मांडणाऱ्या गायिकेला इथे एक बाजू भरेल एवढाच वेळ होता, आणि त्या अडचणीमुळे एकही स्वर सैल पडलेला नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर हीच भैरवी आहे. ती तबकडी १६⅔ गतीची, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची असून सोबत कार्ट्रिज आणि सुईसुद्धा ठेवलेली आहे. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. मार्चपासून आजतागायत मी ही बाजू चाळीसपेक्षा अधिक वेळा लावली आहे आणि प्रत्येक वेळी पहिल्या स्वराला हातातले काम थांबते.

त्याच सात तबकड्यांतील एक माझ्या हातून खराब झाली, आणि इतरांनी ती चूक करू नये म्हणून ती येथे नोंदवतो. दीनानाथ मंगेशकर यांचे ‘परवशता पाश दैवे’ असलेली ती तबकडी मी एलपीसाठी घेतलेल्या द्रावणाने पुसली. त्या द्रावणात स्पिरिट होते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे मला ठाऊक असूनही त्या क्षणी आठवले नाही. पुसता पुसता काळा रंग कापडावर उतरला आणि बाजूचा एक तृतीयांश भाग दुधट, निस्तेज झाला. गाणे अजून वाजते, पण त्या भागात आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटतो. लाखेच्या तबकडीवर पाणी आणि सौम्य साबण याशिवाय काहीही लावू नये, आणि तेही मधल्या कागदी चकतीला न लागेल असे.

‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७च्या नाटकातील पदांची एलपी मी दोनदा घेतली. दूरच्या एका विक्रेत्याकडून एप्रिलमध्ये मागवलेली पहिली प्रत उन्हात तापलेल्या पार्सलमधून आली आणि बशीसारखी वाकलेली निघाली. पैसे परत मिळण्यास सहा आठवडे लागले. दुसरी प्रत मी पणजीत प्रत्यक्ष पाहून, डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून, कड सरळ आहे याची खात्री करून घेतली. मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि खाँसाहेबांच्या भूमिकेतील वसंतराव देशपांडे यांचा आवाज हा जोड कितीही वेळा ऐकला तरी शिळा होत नाही. मात्र पदे नाटकातील प्रसंगांपासून सुटी ऐकताना ती लागोपाठ जड होतात, म्हणून मी एका वेळी एकच बाजू लावतो.

ख्रिस पेरी यांच्या चाली आणि लॉर्ना यांचा आवाज असलेली ४५ गतीची छोटी कोंकणी तबकडी सुटीच्या सकाळी हटकून निघते. ब्रासची वाद्ये आणि तो भरदार आवाज यांना छोट्या तबकडीचा वेग चांगला मानवतो. तिच्याबद्दल तक्रार करण्यासारखे काहीच नाही.

अभिषेकी यांच्या स्वतःच्या नाट्यगीतांची एलपी मला ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ या एका पदासाठी हवी होती आणि ते पद मी आजही रात्री उशिरा लावतो. तिची दुसरी बाजू मात्र पावसाळ्यानंतर मी एकदाही लावलेली नाही, म्हणून आवडत्या तबकड्यांत ती धरावी की नाही याविषयी माझे मन अजून ठरलेले नाही.

किशोरीताईंच्या आई आणि गायिका मोगूबाई कुर्डीकर यांची एकही तबकडी मात्र अद्याप माझ्याकडे नाही. त्यांचे ध्वनिमुद्रण मुळातच थोडे आहे, आणि त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले तेव्हा तेथील घरांतले किती सामान कोठे विखुरले असेल, हा विचार सांगे भागातील जुनी घरे पाहताना दर वेळी मनात येतो. पुढच्या उन्हाळ्यात मी तिकडेच शोध घेणार आहे. तबकडी मिळाली तर ७८ची सुई सोबत असेल, आणि ती शेवटच्या खाचेपर्यंत ऐकूनच घेईन.