कारमधील अ‍ॅम्प्लिफायरची जोडणी: वायर, सिग्नल आणि गेन यांचे पर्याय पारखताना

अ‍ॅम्प्लिफायर घेताना बहुतेकांचे लक्ष खोक्यावरील वॅटच्या आकड्याकडे असते, परंतु तो अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीकडून किती अँपिअर खेचणार, हा हिशेब आधी मांडला तर पुढचे निर्णय बरेच सोपे होतात. इंजिन चालू असताना कारमध्ये साधारण १३.८ व्होल्ट मिळतात असे धरू. ४०० वॅट आरएमएस (म्हणजे सतत टिकणारी ताकद) देणाऱ्या क्लास-डी, म्हणजे ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून चालणाऱ्या, अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के मानली, तर त्याला ५०० वॅट पुरवावे लागतात, म्हणजे सुमारे ३६ अँपिअर. तेवढेच वॅट देणारा जुन्या धाटणीचा क्लास-एबी अ‍ॅम्प्लिफायर ५५ टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर त्याला सुमारे ५३ अँपिअर लागतात आणि तीनशेहून अधिक वॅट नुसत्या उष्णतेत जातात. संगीत सतत पूर्ण ताकदीने वाजत नसल्यामुळे सरासरी वापर यापेक्षा बराच कमी असतो, हे खरे. तरीही वायर आणि फ्यूज ठरवायचे ते या कमाल आकड्यावरूनच. सबवूफरसाठी, म्हणजे फक्त खोल बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी, मी निःसंकोचपणे क्लास-डी सुचवेन. दारांतील स्पीकरसाठी लहान क्लास-एबी चालतो, मात्र त्याच्याभोवती हवा खेळती राहील अशी जागा हवी. खोक्यावर ‘मॅक्स’ म्हणून छापलेला आकडा कोणत्याही तुलनेत धरू नये.

वायरमध्ये खरी निवड शुद्ध तांबे आणि तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम, म्हणजेच सीसीए, यांच्यात असते. ४ गेजच्या तांब्याच्या वायरचा छेद सुमारे २१ चौरस मिलिमीटर असतो, ८ गेजच्या वायरचा ८.४, गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड. बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर लागली आणि तिच्यातून ५० अँपिअर वाहिले, तर ४ गेजच्या तांब्यात सुमारे ०.२ व्होल्ट गळतात, ८ गेजच्या तांब्यात सुमारे ०.५ व्होल्ट. त्याच जाडीच्या सीसीएचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, त्यामुळे ४ गेजच्या सीसीएमध्ये ही गळती ०.३ व्होल्टच्या आसपास जाते. एवढ्याने आवाजात फरक कळेलच असे नाही, आणि म्हणूनच सीसीए स्वीकारावे असे अनेकांना वाटते. माझी हरकत टोकांबाबत आहे: अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे स्क्रूखाली दबून कालांतराने ढिले होते, उघड्या टोकावर त्याला ऑक्साइडचा थर चढतो आणि नेमका तिथेच सांधा तापू लागतो. सीसीए वापरायचेच असेल, तर ते एक ते दोन मापे जाड घ्यावे लागते; पण अ‍ॅम्प्लिफायरचे टर्मिनल ४ गेजसाठी बनवलेले असेल, तर ती जाड वायर त्यात बसतच नाही आणि लोक तारा कापून ती कशीबशी कोंबतात. मग वाचवलेल्या पैशांना अर्थ उरत नाही. काही स्वस्त वायरींचे आवरण जाड आणि गाभा बारीक असतो, तेव्हा बाहेरचा व्यास पाहून फसू नये. एखादी तार पात्याने खरवडून पाहावी: आतून पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम, कथिलाचा थर दिलेले तांबे वरून पांढरे दिसले, तरी आतून तांबूसच असते.

फ्यूज मात्र तुलनेचा विषय नाही. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच, कारण तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून वायरसाठी असतो. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर आग थांबवणारे दुसरे काहीच मध्ये नसते. त्याचे मूल्य वायरच्या क्षमतेपेक्षा अधिक असू नये. अर्थिंगची वायर मुख्य वायरइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड असावी व रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट बसवावी. त्यासाठी सीटबेल्टचा बोल्ट कधीही वापरू नये.

सिग्नल कुठून घ्यायचा, याचे उत्तर गाडीवर अवलंबून आहे. नवा स्टीरिओ बसवून आरसीएमार्गे, म्हणजे स्टीरिओच्या मागील गोल ऑडिओ जोडणीतून, सिग्नल घेतला, तर तो साधारण २ ते ४ व्होल्टचा, स्वच्छ आणि अंदाज बांधता येण्याजोगा असतो. मूळ स्टीरिओ ठेवून त्याच्या स्पीकरच्या वायरींतून हाय-लेव्हल सिग्नल घेतला, तर डॅशबोर्डला हात लावावा लागत नाही आणि अनेक अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल ओळखून आपोआप सुरू होत असल्याने तो चालू-बंद करणारी वेगळी रिमोट वायरही टळते. परंतु अनेक मूळ स्टीरिओ आवाज वाढवताच लहान स्पीकर सांभाळण्यासाठी बास कमी करतात. सबवूफर बसवूनही वरच्या आवाजात तो पोकळ वाटतो, याचे कारण पुष्कळदा हेच असते. स्टीरिओच्या स्क्रीनवरूनच एसी आणि मागचा कॅमेरा चालत असेल, तर स्टीरिओ बदलण्याचा विचार सोडून हाय-लेव्हल इनपुट असलेला डीएसपी, म्हणजे सिग्नल सुधारणारा डिजिटल प्रोसेसर, घ्यावा. साध्या मापाचा स्टीरिओ असेल, तर तो बदलून आरसीए घेणे मला अधिक योग्य वाटते. आरसीए केबल मुख्य वायरच्या विरुद्ध बाजूने न्यावी. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर फिल्टर विकत घेण्यापूर्वी अर्थिंग उघडून पाहावे. माझ्या पहिल्या जोडणीत पत्र्यावर राहिलेला रंगाचा पातळ थर एवढेच कारण निघाले होते.

गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. स्टीरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायरचा मेळ घालण्यासाठी ते असते. कानाने गेन लावता येतो, पण ४०-५० हर्ट्झवरील विकृती कानाला उशिरा कळते आणि तोवर सबवूफरची कॉइल तापलेली असते. मल्टिमीटरची पद्धत बहुतेकांना पुरेशी आहे: वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे, म्हणजे २ ओहमवर ४०० वॅटसाठी सुमारे २८.३ व्होल्ट येतात. स्पीकर सोडवून, इक्वलायझर सपाट व बास बूस्ट बंद ठेवून, स्टीरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर नेऊन ५० हर्ट्झचा टोन वाजवावा आणि तेवढे एसी व्होल्ट दिसेपर्यंतच गेन वाढवावा. मात्र तरंगाचे माथे कापले जात आहेत का, हे मल्टिमीटर सांगत नाही. ते ऑसिलोस्कोपवर, म्हणजे तरंगाचा आकार दाखवणाऱ्या उपकरणावर, डोळ्यांनी दिसते. आरसीए असेल तर मल्टिमीटरवर भागते. मूळ स्टीरिओचा सिग्नल असेल, तर तो स्वतःच विकृत होऊ लागण्याची जागा आधी शोधावी लागते, म्हणून तेथे ऑसिलोस्कोप कोणाकडून उसना मागून का होईना, आणावा.

बास बूस्ट नंतरही बंदच ठेवावा, कारण ६ डेसिबल वाढवण्यासाठी त्या पट्ट्यात चौपट वॅट लागतात. क्रॉसओव्हरची, म्हणजे आवाजाचे पट्टे वाटून देणाऱ्या फिल्टरची, सुरुवात दोन्हीकडे ८० हर्ट्झपासून करावी: सबवूफरला लो-पास (खालचे सूर जाऊ देणारा), दारांना हाय-पास (वरचे सूर जाऊ देणारा). अर्धा तास नेहमीच्या आवाजात वाजवून झाल्यावर फ्यूजची पेटी आणि टर्मिनल यांच्याजवळ हाताची पाठ नेऊन पाहावी. तेथे चटका जाणवला तर बॅटरीची ऋण वायर सोडवून तो सांधा पुन्हा आवळावा.