ईएमटीचा कोर्स केला, त्यानंतरचे आठ महिने

गेल्या वर्षी मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात ईएमटीचा कोर्स केला. अँब्युलन्सवर रुग्णाजवळ बसणाऱ्या, पहिले उपचार करणाऱ्या माणसाचं हे प्रशिक्षण. जुलैत परीक्षा पास झाले आणि तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस एका खाजगी कंपनीच्या गाडीवर काम करते. वय ४३, शिक्षण बी.कॉम., त्याआधी सांगलीत बँकेची नोकरी. वैद्यकीय क्षेत्राशी काडीचाही संबंध नव्हता. कोर्स कसा आहे असं ओळखीच्या बऱ्याच जणी विचारत होत्या, पण थोडं काम केल्याशिवाय बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मी का गेले ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या मांडवात बाबांना आकडी आली. क्षणात पंचवीस माणसं गोळा झाली. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी दातखीळ सोडवायला चमचा आणला, कुणी तोंडात पाणी घालायला लागलं. सगळे जिवाच्या आकांताने मदतच करत होते. तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, आकडी किती मिनिटं चालली ते घड्याळात बघा, एवढं सांगणारं तिथे कुणी नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? बाबा त्यातून बरे झाले, पण तो मांडव माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही.

कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे हा कोर्स किमान १७० तासांचा असतो. त्यातले १४६ तास वर्ग आणि सराव, २४ तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत. राज्याच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे, म्हणजे श्रेयांकामागे, ४६ डॉलर, त्यामुळे शिकणं परवडतं. खर्च आजूबाजूचा जास्त होतो: पुस्तक, गणवेश, बूट, स्टेथोस्कोप, लसींचे दाखले, पार्श्वभूमी तपासणी, बोटांचे ठसे. हे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

या कोर्सचा खरा जीव सरावाच्या वर्गात आहे. संध्याकाळी सहा ते दहा, चारचार जणांचे गट, जमिनीवर पडलेला ‘रुग्ण’ म्हणजे आपलाच वर्गमित्र. प्रत्येक वेळी सुरुवात एकाच वाक्याने: हातमोजे घातले, जागा सुरक्षित आहे. हे मोठ्याने म्हणायचं. विसरलात तर पुढचं सगळं अचूक करूनही नापास. पहिले दोन आठवडे मला हा अतिरेक वाटला. मग कळलं की घोकून घेतात तो क्रम. आधी डोळ्यांना दिसणारा जोरदार रक्तस्राव, मग श्वासमार्ग, मग श्वास, मग नाडी. हात मोडलेला दिसत असला तरी आधी श्वास बघायचा. माणसाचं लक्ष सगळ्यात भयंकर दिसणाऱ्या गोष्टीकडे ओढलं जातं आणि जीव जातो तो दुसऱ्याच कारणाने. आमच्या मांडवात नेमका हाच क्रम नव्हता.

छाती दाबण्याचा सरावही तसाच. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली किमान पाच सेंटिमीटर, तीस दाबांनंतर दोन श्वास, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणून माणूस बदलायचा. मला सगळ्यात जड गेली ती रुग्णाला श्वास देण्यासाठी मास्क लावून हवेची पिशवी दाबण्याची क्रिया. माझा पंजा लहान, हवा गालाजवळून निसटायची. शिक्षिकेने एका शनिवारी तासभर माझ्याकडून तेवढंच करून घेतलं आणि शेवटी सांगितलं, ‘दोघं असाल तेव्हा तू दोन्ही हातांनी मास्क धर, पिशवी दुसऱ्याला दाबू दे.’ त्या तासाचं ऋण मी विसरणार नाही.

आता जे कमी पडलं ते. अभ्यासक्रमाचा भर अपघात, भाजणं, बाळंतपण यांवर आहे. नवीन माणसाला काम मात्र मिळतं ते बहुतेक वेळा एका रुग्णालयातून दुसरीकडे रुग्ण नेण्याचं, डायलिसिसला नेण्या-आणण्याचं. टूर्निके, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, मी आठ महिन्यांत एकदाही बांधलेला नाही. गर्नी, म्हणजे चाकांचं स्ट्रेचर, मात्र रोज ओढते. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांच्या हाताला बीपीचा पट्टा गुंडाळायला गेले आणि त्यांनीच हात मागे घेतला. त्या हाताला डायलिसिसची फिस्टुला, म्हणजे शस्त्रक्रियेने केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, होती आणि तिथे पट्टा लावायचा नसतो. पुस्तकात ते एका ओळीत होतं. चूक माझीच, ती मनाला लागली. पण ज्या रुग्णांबरोबर आम्ही दिवस काढतो त्यांच्यासाठी दोन संध्याकाळी तरी द्यायला हव्यात, हे मी कॉलेजला लेखी कळवलं आहे. रुग्णांसोबतचे २४ तासही फार थोडे आहेत. नियमात किमान दहा रुग्ण पाहायचे असतात. माझे दहा झाले, पण त्यातले चार नुसती नाडी मोजण्यापुरते. धावत्या गाडीत बीपी कसं घ्यायचं, रुग्णाचा हात आपल्या मांडीवर कसा टेकवायचा, हादरे चढू नयेत म्हणून टाचा कशा उचलायच्या, हे मला गाडीवरच्या सहकाऱ्याने शिकवलं.

एक गोष्ट कोर्सने शिकवली आणि मराठीने पुरी केली. दुखण्याबद्दल विचारताना शब्द रुग्णाच्या तोंडात घालायचे नाहीत, ‘कसं वाटतंय’ एवढंच विचारायचं, असा तिथे कटाक्ष आहे. आपल्याकडे तर कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक, उसण, मुरडा, आग, भरून येणं, सगळं वेगळं. हिवाळ्यात आम्ही एका मराठी आजींना एका रुग्णालयातून दुसऱ्या ठिकाणी नेत होतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. कागदावर ‘रुग्ण घाबरलेली आहे’ अशी नोंद होती. नातवाने तसं भाषांतर करून दिलेलं. मी मराठीत विचारलं, ‘आजी, कसं वाटतंय?’

‘जीव घाबरा होतोय गं.’

‘छातीत दुखतंय का’ हे तोंडावर आलं होतं, ते गिळलं आणि ‘म्हणजे काय होतंय?’ असं विचारलं. ‘दुखत नाही. धडधडतंय. डोळ्यांपुढे अंधारी येते.’ नाडी १३८, तीही अनियमित, आणि वरचं बीपी ९२. आम्ही ठरलेलं ठिकाण सोडून दिवे-सायरन लावून सर्वांत जवळच्या आपत्कालीन विभागात गेलो. आजींची भीती नंतरची, आधी हृदयाचे ठोके बिघडले होते. मी कोणतंही औषध दिलं नाही, तो माझा अधिकारही नव्हता. क्रमाने बघितलं, विचारलं, आणि जे ऐकलं ते डॉक्टरांना नीट सांगितलं. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, इथे आमच्या गाडीवर १७० तास शिकलेली माणसं असतात, तेव्हा आमचं काम मुख्यतः हेच.

राष्ट्रीय परीक्षेबद्दल थोडक्यात: संगणकावर, जास्तीत जास्त दोन तास, ७० ते १२० प्रश्न, उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न बदलतात. पाठांतरावर निभत नाही. ‘आता सगळ्यात आधी काय कराल’ असेच प्रश्न जास्त. रोज पन्नास प्रश्न सोडवा आणि चुकलेल्याचं कारण वहीत लिहा, मला त्याचाच उपयोग झाला. हे राष्ट्रीय प्रमाणपत्र दोन वर्षांचं, त्याच्या नूतनीकरणाला ४० तासांचं शिक्षण लागतं. गाडी चालवायची असेल तर डीएमव्हीचं, म्हणजे वाहन परवाने देणाऱ्या खात्याचं, अँब्युलन्स चालकाचं वेगळं प्रमाणपत्र काढावं लागतं.

पगाराबद्दल स्पष्ट बोलते. २०२४ च्या एप्रिलपासून इथे मोठ्या फास्टफूड साखळ्यांत ताशी किमान २० डॉलर मिळतात. मला कामावर घेताना सांगितलेला आकडा त्याहून किंचितच जास्त होता. ज्यांच्या हातात कुणाचा श्वास असतो त्यांना हे मिळावं, याचा मला राग येतो. माझ्या घरी दुसरा पगार आहे म्हणून मी दोन दिवस करू शकते. माझ्या वर्गातल्या दोन हुशार मुलांनी याच कारणाने काम सोडलं.

एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर कोर्स करता येतो, पण पगारी कामासाठी ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हवा. पाठीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण जिन्यावरून माणूस खाली आणणं हा सरावाचा भाग आहे. आणि वर्ग भरला आहे असं दिसलं तरी पहिल्या दिवशी जाऊन बसा. बरेच जण येत नाहीत आणि प्रतीक्षा यादीतल्यांना तिथेच घेतात. त्या यादीत मी अकरावी होते.