सांगली-मिरज रोडवरचं हार्ट क्लिनिक: वेटिंग बेक्कार, पण मॅडम नीट समजावून सांगतात

नाव टाकत नाही, भागातल्या लोकांना कळेल. अपॉइंटमेंट घेऊन गेलं तरी दुपार जाते, बाकडी कमी, पंखा एका कोपऱ्यालाच वारा देतो. रिसेप्शनवरची पोरगी फोनवरच असते.

पण आत गेल्यावर राग उतरतो राव. आमच्या मामींना डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (हार्ट पसरून कमजोर होतं तो आजार) आहे, अँजिओग्राफी क्लिअर, तरी इकोत (हार्टच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३० टक्के (नॉर्मल ५५ च्या आसपास किंवा वर असतं), मग घरात एकच घोष, ब्लॉकेज नाही तर झालं कशानं? त्यात कुणीतरी वाचलं की शरीर स्वतःच्याच हार्टविरुद्ध अँटीबॉडी (रोगाशी लढणारी प्रथिनं) बनवतं, आणि एका लॅबवाल्यानं लगेच 'ऑटोइम्यून प्रोफाइल' (शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघायच्या टेस्ट) गळ्यात मारलं, चांगले पैसे घेतले. मॅडमनी रिपोर्ट बघून बाजूला ठेवला. म्हणाल्या ह्यात एएनए नावाची अँटीबॉडी टेस्ट आहे, ती ल्युपससारख्या ऑटोइम्यून आजारासाठी बघतात, हार्टच्या अँटीबॉडी ह्यात दिसतच नाहीत.

मग केसपेपरच्या मागं चित्र काढलं. हार्टच्या पेशींवर बीटा-वन रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप घेणारी बटणंच, ॲड्रेनॅलिन तिथं चिकटलं की ठोके वाढतात आणि काम झालं की सुटतं. काही पेशंटमध्ये शरीर ह्याच रिसेप्टरविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि त्या बेलवर बोट दाबून ठेवल्यासारख्या चिकटून बसतात, हार्ट उगाच पळत राहतं, स्नायू थकतो, पसरतो. २००४ ला जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांमध्ये अशा अँटीबॉडी तयार करून दाखवल्या, तर उंदरांचं हार्ट खरंच मोठं झालं. बर्लिनमध्ये मशीननं रक्तातून त्या गाळून काढून पण बघितल्या, काही पेशंटचं पंपिंग सुधारलं, पण अभ्यास छोटे, म्हणून ते रोजच्या उपचारात आलेलं नाही. शिवाय ह्या अँटीबॉडी धडधाकट माणसातही कधी सापडतात, म्हणजे सापडल्या म्हणून आजार त्यांच्यामुळंच असंही नाही.

मामींनी विचारलं, मग माझं काय? मॅडम म्हणाल्या तुमची मेटोप्रोलॉलची गोळी त्याच रिसेप्टरला अडवते, टेस्ट केली काय न केली काय, गोळी तीच, मनानं बंद करू नका. रोज सकाळी वजन लिहा, दोन-तीन दिवसात दोन किलो वाढलं तर फोन करा. आणि भडंग बंद! सांगलीत राहून भडंग बंद म्हणजे मामींना आजारापेक्षा तेच जास्त लागलं, पण मीठ, लोणचं, पापड सगळंच गेलं.

पाचपैकी चार, एक स्टार वेटिंगचा कापला. जाताना जुन्या इकोच्या प्रिंट न्या, मॅडम आधी तेच मागतात.