बालगृह की वस्ती? मुलांसोबतचे काम निवडताना

समाजकार्याची पदवी घेऊन मुंबईत मुलांसोबत काम करू इच्छिणाऱ्यांपुढे बहुधा दोन वाटा असतात: निवासी बालगृहात काळजीवाहक म्हणून रुजू होणे, किंवा गोवंडी, धारावी, मालवणी अशा वस्तीत क्षेत्रकार्यकर्ता म्हणून फिरणे. मी दोन्ही कामे केली असून सध्या वस्तीत आहे.

शिकण्याच्या दृष्टीने बालगृह उजवे आहे, हे मान्य करायला हवे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सापडलेल्या निराधार वा संकटातील मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे) हजर करणे, घरच्या परिस्थितीची माहिती देणारा गृहचौकशी अहवाल, त्या मुलाच्या गरजांनुसार केलेला वैयक्तिक देखभाल आराखडा या सगळ्यांचा अर्थ तिथे रोजच्या व्यवहारातून कळतो. मूल आजारी पडले, रुसले, जेवले नाही, तर ते तुमच्या डोळ्यांसमोर असते. वस्तीत ही सोय नाही. दहा बाय दहाच्या खोलीत मुलाशी एकांतात बोलता येत नाही, पावसाळ्यात गल्लीत शिरणे अवघड होते, आणि भाड्याच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपला की कुटुंब कधी कधी न कळवताच मुंब्र्याला किंवा नालासोपाऱ्याला निघून जाते.

तरीही माझा निर्णय एका गोष्टीने झाला, ती म्हणजे पाळीबदल. मी ज्या संस्थेत होतो तिथली मुले दिवसा फारशी बोलत नसत. रात्रीची जेवणे आटोपून अंथरुणे पडली की मनातले सांगू लागत, आणि नेमकी त्याच सुमारास माझी पाळी संपे. वडिलांविषयी पहिल्यांदाच बोलू लागलेल्या मुलाला मध्येच थांबवून मला नोंदवहीत 'सर्व मुले सुखरूप' असे लिहावे लागे, कारण पुढच्या सहकाऱ्याला पटसंख्या आणि किल्ल्या सोपवण्यापलीकडे वेळच ठेवलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मुलगा त्याविषयी बोलायला तयार नसे, आणि त्यात त्याचे काहीच चुकत नव्हते. सगळ्याच संस्थांत असे घडते असे मी म्हणणार नाही.

वस्तीत धागा तुटतो तो कुटुंब स्थलांतरित झाले तर. एरवी तेच मूल, तीच आई आणि तोच कार्यकर्ता वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखत असतात. मुलाला संस्थेऐवजी कुटुंबातच वाढवता यावे यासाठी राज्य सरकार देत असलेले बालसंगोपन योजनेचे दरमहा २२५० रुपये मिळवून देण्यासाठी आईसोबत कागदपत्रे गोळा करताना घरातले जे कळते, ते बालगृहातल्या फाइलमध्ये क्वचितच येते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, असे कायद्याचेही तत्त्व आहे; त्या उपायाची वेळ येऊ न देण्याचे काम मला अधिक मोलाचे वाटते.

ज्यांना ठरावीक वेळ आणि अनुभवी वरिष्ठांचा आधार हवा आहे, त्यांनी आधी बालगृहात जाणे कदाचित योग्य ठरेल. मात्र मुलाखतीत दोन प्रश्न अवश्य विचारावेत: दोन पाळ्यांच्या मध्ये बोलण्यासाठी किती वेळ राखून ठेवला आहे, आणि प्रत्येक मुलासाठी एक ठरलेली व्यक्ती नेमलेली आहे का? या दोन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर माझा कल बाजूला ठेवून ती नोकरी घ्यावी.