विश्रामबागच्या क्लासमधलं रशियन क्रांतीचं लेक्चर

गेल्या रविवारी सांगलीत विश्रामबागला एका एमपीएससी क्लासच्या डेमोला बसलो, नाव लिहीत नाही कारण तक्रारपण आहे. विषय होता १९१७ ला रशियात बोल्शेविकांच्या, म्हणजे लेनिनच्या पक्षाच्या, हातात सत्ता आलीच कशी. दोन तास म्हणले होते, तीन तास चाललं तरी कुणी उठलं नाही.

माझं पाठ उत्तर एवढंच, झार जुलमी, लोक उपाशी, लेनिन आला आणि क्रांती झाली. सरांनी पहिल्यांदा तेच खोडलं. झार मार्चमध्येच गेला होता, राजधानी पेट्रोग्राडला महिला दिनादिवशी गिरणीतल्या बाया पावासाठी रस्त्यावर आल्या आणि चार दिवसांत त्यांच्यावर गोळ्या घालायला आणलेले शिपाईच फितले. लेनिन तेव्हा स्वित्झर्लंडात, तो एप्रिलमध्ये पोचला.

मग फळ्यावर एकीकडं हंगामी सरकार (झार गेल्यावरचं तात्पुरतं) आणि दुसरीकडं सोव्हिएत (कामगार-शिपायांनी निवडलेली समिती) लिहून विचारलं, कुंडलकडचं कोण आहे का? दोघांनी हात वर केले. १९४३ नंतर जुन्या सातारा जिल्ह्यात कचेरी इंग्रजांची पण गावचा तंटा मिटायचा नाना पाटलांच्या प्रतिसरकारात, तसंच तिथं खुर्ची हंगामी सरकारची पण फौज, रेल्वे, तारखातं ऐकायचं सोव्हिएतचं. बाकी दोन्हीत फरक लई आहे हेही सांगितलं, ते बरं केलं. दुहेरी सत्ता म्हणजे काय ते मला आत्ता कळलं.

हंगामी सरकारनं महायुद्धातली लढाई थांबवली नाही, उलट जुलैमध्ये नवी चढाई केली ती पार फसली, आणि जमिनीचा प्रश्न संविधान सभेवर ढकलून तिची निवडणूकच लांबवत नेली. खंदकातली पोरं शेतकऱ्यांचीच, गावाकडं जमिनी वाटतायत ऐकून पळून यायला लागली. आमची तीन एकर आहे, वाटणीची गोष्ट निघाली की पुण्या-मुंबईतला भाऊसुद्धा रात्रीची गाडी धरून येतो, त्यामुळं मला हे लगेच पटलं. मेन्शेविक आणि समाजवादी क्रांतिकारक या दुसऱ्या दोन समाजवादी पक्षांचे लोक मंत्री होऊन बसलेले, म्हणजे शांतता, जमीन, भाकरी आत्ताच द्या म्हणणारा मोठा पक्ष बाहेर एकच उरला, बोल्शेविक. सप्टेंबरमध्ये जनरल कोर्निलोव्हनं पेट्रोग्राडवर फौज धाडली तेव्हा शहर वाचवायला हंगामी सरकारचा पंतप्रधान केरेन्स्कीला बोल्शेविकांचीच मदत लागली, कामगारांच्या हातात बंदुका आल्या आणि त्याच महिन्यात पेट्रोग्राड आणि मॉस्को दोन्ही सोव्हिएतमध्ये बोल्शेविकांचं बहुमत. ७ नोव्हेंबरला सरकार बसलेला हिवाळी राजवाडा राखायला थोडे लष्करी शाळेतले कॅडेट आणि बायकांच्या बटालियनची एक तुकडी, बाकी सरकारसाठी मरायला कोण तयारच नव्हतं.

आता तक्रार. त्यानंतरच्या संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना जेमतेम पाव हिस्सा मतं पडली, जास्त मतं समाजवादी क्रांतिकारकांना, आणि जानेवारी १९१८ ला बोल्शेविकांनी ती सभा एका दिवसात मोडली. हे सरांनी दोन मिनिटांत उरकलं, मला ते अजिबात आवडलं नाही, सत्ता घेणं आणि लोकांचा कौल असणं यातला फरक तिथंच तर दिसतो. ८० रुपयांच्या झेरॉक्स नोट्समध्ये जुन्या-नव्या कॅलेंडरचा घोळ (रशियाचं जुनं कॅलेंडर १३ दिवस मागं होतं) तसाच आहे, तारखा घरी तपासून घ्या.

पाचपैकी चार स्टार. जाणार असाल तर पुढच्या तीन बाकांवरच बसा, मागं माईक ऐकू येत नाही.