अब्दुल रहमान स्ट्रीटवरून दुकानाचा माल भरणं : स्टेशनरी-गिफ्टवाल्यांसाठी माझा अनुभव

माझं बदलापूरला शाळेजवळ छोटं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे. नवीन दुकान टाकणारे बरेच जण विचारतात ताई माल कुठून भरता, म्हणून क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या अब्दुल रहमान स्ट्रीटबद्दल नीट लिहितेय. फॅन्सी मालासाठी या रस्त्याला तोड नाही, पण सगळंच तिथून भरायला गेलात तर परवडणार नाही.

सीएसएमटीला उतरून चालत दहा-बारा मिनिटं लागतात. स्लो गाडीने मशीदला उतरलं तरी चालतं पण मला सीएसएमटीच बरं पडतं, परतीची गाडी तिथूनच सुटते त्यामुळे लगेज डब्यात पोतं टेकवायला जागा मिळते. दुकानं अकराच्या सुमारास उघडतात. रविवारी जाऊ नका, होलसेलवाले बहुतेक बंद असतात. आणि चारच्या आत गाडीत बसा, नंतर ऑफिस सुटल्यावर पोतं घेऊन चढायचं नावच काढू नका.

घ्यायचं काय तर पाउच, कीचेन, फॅन्सी खोडरबर-शार्पनर, बर्थडेचं सामान, गिफ्ट पेपर, राख्या आणि जानेवारीत संक्रांतीच्या वाणाच्या वस्तू. यात मार्जिन खरंच सुटतं. 38 ला पडलेला पाउच मी 70 ला विकते आणि तसाच पाउच गिऱ्हाइकाला दुसरीकडे शंभराला मिळतो, त्यामुळे तेही खुश. बहुतेक ठिकाणी डझनाच्या खाली देत नाहीत, कीचेनसारखा बारीक माल तर ग्रोसवरच, म्हणजे 144 पीस. पण डझनात मिक्स रंग मागितले की देतात, मागायला लाजू नका.

ब्रँडेड पेन आणि वह्या मात्र मी गावातल्या डिस्ट्रिब्युटरकडूनच घेते. मार्केटला एक-दोन टक्के कमी पडतात हे खरं, पण वह्यांचं वजन बघा ना, हमाली आणि टेम्पोतच ते पैसे जातात, शिवाय डिस्ट्रिब्युटर दुकानात आणून टाकतो, पंधरा दिवस उधारी देतो आणि खराब निघालेलं बदलून देतो. साधा हिशोब आहे, 15 हजारांच्या मालावर वरखर्च 600 झाला तर भाव तिथेच 4 टक्क्यांनी वाढला. जिथे मार्जिनच दहा-बारा टक्के आहे तिथे हे कसं परवडणार?

भाव तोंडाने फारसा सांगत नाहीत, कॅल्क्युलेटरवर आकडा मारून तुमच्याकडे वळवतात कारण बाजूला दुसरं गिऱ्हाईक उभं असतं. तो आकडा नेट आहे का प्लस जीएसटी हे लगेच विचारा. माझ्यासारखं जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठीच्या सोप्या योजनेत असाल तर खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट मिळत नाही, तो सगळा खरेदीतच धरायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, क्रेयॉन यांच्यावर जीएसटी शून्य झालाय पण पेनवर 18 टक्के आहेच, त्यामुळे बिलात सगळ्या मालावर सरसकट एकच दर लावलाय का ते तिथल्या तिथे बघून घ्या. कच्च्या बिलावर स्वस्त देतो म्हणणारे भेटतात, मी घेत नाही. पक्कं बिल नसेल तर माल कमी निघाला हे कोणाला आणि कशावरून सांगणार?

माल काउंटरवरच उघडून बघायचा, यात तडजोड नाही. एका दुकानात मला सँपल दाखवलं जाड कापडाच्या पाउचचं, बॉक्स उघडला तर वरचा थर तसाच आणि खाली पातळ कापड, चेन अर्ध्यात अडकणारी. मी तिथेच प्रत्येक पाउचची चेन दोनदा ओढून बघत बसले, तो माणूस म्हणे मॅडम होलसेल में इतना नहीं देखते. का नाही बघायचं? माझ्या दुकानात येणारी चौथीतली मुलगी खाऊचे पैसे साठवून तो पाउच घेते, चेन तुटली तर ती माझ्याकडेच येणार. पैसे दिले नव्हते म्हणून सरळ उठून शेजारच्या गाळ्यात गेले, पीसमागे तीन रुपये जास्त पडले पण माल एक नंबर.

खेळणी घेत असाल तर आयएसआय मार्क बघितल्याशिवाय घेऊ नका, 1 जानेवारी 2021 पासून तो सक्तीचा आहे. मार्क नसलेला माल अजूनही कोणीतरी पुढे करतंच आणि भावही गोड असतो. आणि प्लास्टिकच्या काडीवरचे फुगे 1 जुलै 2022 पासून बंद आहेत.

राख्यांचं बरेच जण विचारतात. आषाढातच जाऊन या, श्रावण लागला की चांगल्या डिझाइन उचलल्या गेलेल्या असतात आणि भावही ताठ होतो. दहा-वीसला विकायची रेंज भरपूर घ्या, शंभरच्या वरच्या राख्या अगदी मोजक्या, कारण उरलेली राखी तिथलं कोणीही परत घेत नाही.