मेटा क्वेस्ट 3एस: उभं राहून खेळणार असाल तरच घ्या

दाजी अमेरिकेतनं येताना हा व्हीआर हेडसेट घेऊन आले, म्हणजे डोळ्यांवर बांधला की आपण दुसऱ्याच जागेत असल्यागत दिसतं तो, 128 जीबीवाला, तिकडं 2024 ला 299 डॉलरला निघाला तोच. तेव्हापासनं आमच्या अनगोळच्या घरी रविवारी अर्धी गल्ली जमते, त्यामुळं दहा वर्षांच्या पुतण्यापासनं आईपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर बसवून झालाय. तर जे दिसलं ते लिहितोय.

चांगलं काय ते आधी. वायर नाही, कॉम्प्युटर नाही, प्रोसेसर आतच. समोरच्या कॅमेऱ्यातनं खोली दिसते आणि कुठपर्यंत हलायचं ती रेघ जमिनीवर आपणच आखायची, रेघेजवळ गेलं की जाळी दिसते. कंपनी दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा सांगते, म्हणजे साडेसहा फुटाचा चौक, आणि आमच्या सोप्यात टीपॉय आणि आजोबांची आरामखुर्ची बाहेर काढल्याशिवाय तेवढी मिळत नाही. वर पंखा बंद ठेवा, हात वर गेला की संपलं.

बीट सेबर हा गेम म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर समोरनं येणारे ठोकळे तलवारीनं कापायचे. ह्यात माणूस जागच्या जागी असतो म्हणून कुणाला काही होत नाही, घाम मात्र निघतो, वहिनी तर आता चालायला जायच्या ऐवजी हेच करते. आतलं चित्र टीव्हीवर टाकलं, म्हणजे कास्ट केलं, की बाकीचे बघत बसतात, "अगं डावीकडनं आलं बघ की" म्हणून ओरडणं चालू.

खरी भानगड चालत्या गेमांत. हातातल्या कंट्रोलरची स्टिक पुढं ढकलून पळायचं असलं की डोळ्यांना वाटतं आपण पळालोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो नाही, उभाच आहेस, ह्या दोघांच्या भांडणात पोटाचं वाटोळं होतं. चोर्ला घाटात ज्याला गाडी लागते त्याला हे लागायची शक्यता जास्त, आमच्या भावाला लागलंच. सेटिंगमध्ये टेलिपोर्ट असतं, म्हणजे पळायच्या ऐवजी एका जागेवरनं थेट दुसऱ्या जागेवर, ते चालू करा. आणि मळमळ सुरू झाली की लगेच काढा, "होईल सवय" म्हणून रेटू नका, उलट वाढतं.

आईला काशीचा घाट दाखवला, 360 व्हिडिओ. मान वळवली की मागं पायऱ्या, वर आकाश, तिनं हात जोडले बघा. पण लगेच म्हणाली, "पुसट का दिसालंय रे?" दोष तिच्या चष्म्याचा नाही, गणितच तसं आहे. 4के व्हिडिओचे 3840 पिक्सेल चारी बाजूला गोल पसरलेले असतात आणि ह्याच्यातनं एका वेळी 96 अंशच दिसतं, म्हणजे डोळ्यासमोर जेमतेम हजारभर पिक्सेल. सिनेमा बघायला म्हणून कोण घेत असेल तर टीव्हीच घ्या राव.

लेन्स जुन्या पद्धतीची, फ्रेनेल, मधोमध नीट आणि कडेला धूसर. दोन डोळ्यांतलं अंतर जुळवायला तीनच खाचा आहेत, 58, 63 आणि 68 मिमी. वजन 514 ग्रॅम आणि सगळं पुढं, सोबतच्या कापडी पट्ट्यानं थोड्या वेळानं गालावर साखरेची पुडी बांधल्यागत होतं. मागनं आधार देणारा पट्टा वेगळा घ्याच, बॅटरीवाला मिळाला तर अजून बरं, कारण आतली अडीच तासाच्या वर जात नाही. पावसाळ्यात आपल्याकडं घातल्या घातल्या काचेवर वाफ धरते, जरा गरम झाला की जाते. अंगणात मात्र अजिबात ठेवू नका, लेन्समधनं ऊन आत गेलं तर स्क्रीन कायमची जळते.

पोरांचं म्हणाल तर दहाच्या खाली कंपनीच नको म्हणते, दहा ते बारा आईबापाच्या देखरेखीखालच्या अकाउंटवर. पाच वर्षांच्या पोराला घालून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो, राग आला तर येऊ दे. शिवाय ह्याच्या कॅमेऱ्यांना दिसणारं घर, हाताची हालचाल, सगळं एका अकाउंटला जोडलेलं, प्रायव्हसीची सेटिंग पहिल्याच दिवशी बसून बघा.

गावातल्या एका दुकानात चौकशी केली तर किंमत भलतीच आणि वर पक्कं बिल नाही, वॉरंटी तर विचारूच नका. त्यापेक्षा बाहेरनं येणारं कोण ओळखीचं असेल तर सांगून ठेवा. आणि घ्यायच्या आधी घालून बघायचा असेल तर रविवारी दुपारनंतर या घरी, फक्त पोटभर जेवून येऊ नका.